बिनदाराच्या गावात पासवर्ड

एसटीच्या कंडक्टरनं माझ्या कॉम्प्युटरचं अर्धं तिकीट फाडलं. मी म्हटलं, अहो, हे सामान आहे. तो म्हणाला, "सामान टपावर जातं. सीटवर बसलं की ते प्याशिंजर." टपावर चढवायची माझी छाती नव्हती. म्हणून मॉनिटर खिडकीशी बसला, त्याच्या मांडीवर प्रिंटर बसला आणि मी नगरपर्यंत उभा राहिलो. शिरूरला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं "पोरगं लई गुमान हाय" म्हणून मॉनिटरचं कौतुक केलं. हे शेवटचं वाक्य मी रचलं आहे. यापुढं जे सांगणार आहे ते खरं आहे. निदान जिथं तुम्हाला खोटं वाटेल तिथं तरी नक्की खरं आहे.

मी पुण्यात एका कॉम्प्युटरच्या दुकानात फील्ड इंजिनिअर आहे. म्हणजे खोकी उचलतो. मोठ्या कारखान्यांना यंत्रं विकायला मोठी दुकानं आहेत. आमच्या मालकांनी ठरवलं, आपण लहान माणसाला गाठायचं. लोणचीवाला, पापडवाली, साडी विणणारा, सतरंज्यावाला. त्यांच्यासाठी त्यांनी एक प्रोग्रॅमही लिहून घेतला होता. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, काय हवं, कधी हवं, हे त्यात भरायचं आणि पार्सलवर चिकटवायच्या चिठ्ठ्या मराठीत छापून घ्यायच्या. त्या वर्षात मी चार ठिकाणी यंत्र घेऊन गेलो आणि चारही वेळा यंत्रासकट परत आलो. चिवडेवाल्याकडं उंदरांनी केबल खाल्ली. लोणचीवाल्यांच्या आत्याबाईंनी सोवळ्यात कीबोर्ड धुतला. साडीवाल्यांनी वास्तुशांत करून यंत्र ईशान्येला ठेवलं, तिथं प्लगच नव्हता. चौथ्याचं सांगण्यासारखं नाही, त्यात चूक माझी होती.

निघताना मालक म्हणाले, "हा पाचवा. हा परत आला तर त्याला आत घेईन, तुला घेणार नाही."

माझ्या पँटच्या उजव्या खिशात पाच किल्ल्यांचा जुडगा असतो. मला काळजी वाटली की मी तो चाचपतो. पुणे ते नगर मी तो इतका चाचपला की खिशाची शिवण उसवली.

मंगळवार, नगर

पुढची गाडी चुकली, म्हणून मुक्काम. लॉजच्या खोलीला वर कडी, खाली कडी, मधे अडसर. तरी मी कॉम्प्युटर सायकलच्या साखळीनं खाटेला बांधला. खाली खानावळीत नगरची झणझणीत शिपी आमटी मिळाली. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला माझं पुणेरी पूर्वायुष्य डोळ्यांपुढून सरकलं, तिसऱ्याला मला दहावीच्या पुस्तकातली सगळी प्रमेयं आठवली. पुण्यात आम्ही आमटीत गूळ घालतो आणि तिला आमटी म्हणतो. नगरच्या माणसासमोर हे बोलू नये.

वाढणाऱ्यानं विचारलं, "कुटं निगालात येवढं घिऊन?"

"शिंगणापूरला. कॉम्प्युटर बसवायला."

"शिंगनापूरला व्हय?" तो हसला. "तिथं दारं न्हाईत ठावं हाय का?"

मला ठाऊक होतं. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शनिदेव राखण करतो, म्हणून गावात घराला दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. चोरी करील तो आंधळा होऊन शिवेवरच फिरत राहतो. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, यंत्र आत न्यायला दरवाजा आडवा येणार नाही. माणूस स्वतःच्या फजितीकडं असा हसत हसत जातो.

बुधवार, घोडेगाव आणि पुढं

घोडेगाव फाट्यावर मला न्यायला बबन आला होता. बबन आसपासच्या वस्त्यांवरून दूध गोळा करून शिंगणापूरला खव्याच्या भट्टीवर पोचवतो. त्याच्या जीपमधे दुधाच्या बारा कॅना होत्या. मॉनिटर त्यानं दोन कॅनांच्या मधे बसवला आणि वर ओलं पोतं टाकलं.

"अहो, ओलं नको!"

"ऊन हाय, दादा. नासंल."

"ते दूध नाही, कॉम्प्युटर आहे."

"कायबी असू द्या. नासायला वेळ लागत न्हाई."

मी पोतं काढायचो, तो घालायचा. असं करत आम्ही पोचलो. रस्त्याला एकही खड्डा नव्हता. एका खड्ड्याच्या आत अधूनमधून रस्ता होता.

गिऱ्हाईक म्हणजे रंगनाथ. पस्तिशीचा, उत्साही, बोलताना दोन्ही हात चालवणारा. घराच्या पुढच्या अंगाला त्याची खव्याची भट्टी आणि पेढ्यांचं दुकान. मागच्या पडवीत जमिनीत खणलेला माग, आणि त्या खड्ड्यात पाय सोडून घोंगडी विणत बसलेली त्याची आई, सगुणामावशी. घोंगड्या काळ्याभोर, मेंढीच्या लोकरीच्या, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेल्या. एक घोंगडी भिंतीला टेकून उभी होती. मी तिला नमस्कार केला, मला वाटलं घरातलं कुणी वडीलधारं माणूस आहे. पुढून खव्याचा वास, मागून चिंचोक्याचा, आणि मधल्या चौकटीत दाराच्या जागी नुसता उजेड.

घोटाळा कुठं होता ते रंगनाथनं मला अर्ध्या श्वासात सांगितलं. शनी-अमावस्येला मुंबई, सुरत, नाशिकहून माणसं येतात, काळी घोंगडी सांगून जातात, ती मागाहून पोष्टानं पाठवायची, सोबत पेढ्यांचा डबा. मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक सुताचा दोरा करते. जितके हात लांबी तितक्या गाठी, किनार हवी असेल तर लाल गाठ, आणि टोकाला त्या माणसाच्याच जवळची वस्तू, सदऱ्याचं बटण, बसचं तिकीट, रुमालाची कड. भिंतभर खुंट्या, खुंट्यांवर दोरे. मावशी बटणाला हात लावते आणि माणूस सांगते. पत्ते मात्र चिठोऱ्यांवर, आणि चिठोरी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात. गेल्या खेपेला दोऱ्याची आणि चिठोऱ्याची जोडी चुकली. नाशिकच्या वकिलाची सात हाती घोंगडी सुरतेच्या एका लहानखुऱ्या बाईंना गेली, आणि बाईंची वकिलाला.

"वकिलानं पत्र लिवलं, पाय उघडे ऱ्हात्यात म्हणून," रंगनाथ म्हणाला. "साहेब, या शनवारी आमुशा. आख्ख्या गावाला सांगून ठिवलंय, चिठ्ठ्या आता कंपूटर छापनार. आता माझी लाज तुमच्या हातात."

माझी नोकरी त्याच्या हातात होती. आम्ही दोघं एकमेकांकडं मोठ्या आशेनं पाहत राहिलो.

दोन तासांत मी यंत्र उभं केलं. रंगनाथची बायको, लतावहिनी, दहावी झालेली. तिनं कीबोर्ड एकदा डोळ्यांखालून घातला आणि विचारलं, "अक्षरं वळीनं का न्हाईत?" याचं उत्तर आमच्या मालकांनाही ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत ती माझ्यापेक्षा वेगानं मराठी टाइप करत होती. मी तिला म्हटलं, सवयीनं येतं. ती म्हणाली, "भाकरी थापनाऱ्याला बोटं शिकवू नका, भाऊजी."

मग प्रोग्रॅमनं पासवर्ड मागितला. रंगनाथनं हौसेनं एक शब्द ठेवला. पडद्यावर अक्षरांच्या जागी फुल्या फुल्या उमटल्या. नेमकी तेव्हाच मावशी माग सोडून बघायला आली.

"नाव लिवलं तर ह्या चांदन्या कशापायी?"

"दुसऱ्याला कळू ने म्हणून, आई," रंगनाथ म्हणाला.

"दुसरा कोन?"

रंगनाथचे दोन्ही हात हवेत थांबले.

"म्हंजी तुला ठावं त्यो शबूद मला ठावं न्हाई. लताला ठावं न्हाई. बबनला न्हाई. आन शबूद न्हाई तर ह्ये उघडायचं न्हाई. व्हय ना?"

"व्हय."

"मंग कुलूप हाय म्हन की!" मावशीनं कपाळावर हात मारला. "रंग्या, तुझ्या बापानं कधी पेटीला कडी लावली न्हाई, आन तू घरात कुलूप आनलंस? तेबी आमुशेच्या तोंडावर? उचल. उंबऱ्याभाईर ठिव."

मी मधे पडलो. म्हटलं, मावशी, हे लोखंडाचं कुलूप नाही, नुसता शब्द आहे.

"लोखंडाचं असतं तर गंजून तरी उघडलं असतं," मावशी म्हणाली.

कॉम्प्युटर अंगणात लिंबाखाली गेला. धूळ बसू नये म्हणून मावशीनंच त्यावर घोंगडी टाकली. राग यंत्रावर नव्हता, कुलपावर होता. मी सायकलची साखळी काढली, तर रंगनाथनं माझा हात धरला. "साहेब, साखळी नगं. हितं तेबी चालत न्हाई." हुलग्याचे शेंगोळे जेवायला होते, लसणाचा ठेचा होता, आणि मला एका घासाची चव लागली नाही. पुणेरी माणूस उघड्यावर कॉम्प्युटर टाकून झोपला, हे माझ्या आळीत कुणी मानत नाही. मी झोपलोही नाही, त्यामुळं त्यांचं बरोबरच आहे.

गुरुवार, सोनई

सकाळी यंत्र जिथल्या तिथं होतं. घोंगडीवर एक कोंबडी बसली होती, एवढाच फरक. बबनच्या जीपनं मी सोनईला गेलो आणि एसटीडी बूथमधून मालकांना फोन लावला.

"पासवर्ड काढून टाका," मी म्हटलं. "इथं कुलूप चालत नाही."

"काढू? उद्या कुणीही येईल, आख्खा प्रोग्रॅम फ्लॉपीवर उचलून नेईल."

"इथं चोरी होत नाही, मालक."

"कॉपी करणं चोरी आहे हे तरी त्यांना ठाऊक आहे का?" मालक थांबेनात. "पासवर्ड प्रोग्रॅमच्या हाडात आहे. निघत नाही. चार अक्षरांपेक्षा कमी घेत नाही. रिकामा चालत नाही. सोमवारी ते यंत्र पुण्यात दिसलं तर तुझी खुर्ची दिसणार नाही."

बूथमधला आकडा लाल दिव्यात पळत होता, म्हणून मी फोन ठेवला. सोनईच्या बाजारात मी तीन फेऱ्या मारल्या. एका चहावाल्याला कॉम्प्युटर विकायचा प्रयत्न केला. त्यानं विचारलं, "यात चहा व्हतो का?" मी म्हटलं, नाही. "मंग माझा होतोय त्यो घ्या," म्हणाला. चांगला होता. मी तो उभ्यानंच प्यालो.

परत येऊन मी मावशीला आणखी चार तऱ्हांनी समजावलं. देवळातल्या दानपेटीच्या कुलपाचं उदाहरण द्यायला गेलो आणि जीभ चावली. ती विणता विणता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमी दर घटकंला खिसा का चाचपता?"

"किल्ल्या आहेत."

"कशाच्या?"

"एक खोलीची. एक कपाटाची. एक सायकलची. एक जेवणाच्या डब्याची."

"डब्याला कुलूप?"

"ऑफिसात लागतं."

"आन पाचवी?"

पाचवीचं कुलूप कुठं आहे हे मला सहा वर्षांत आठवलेलं नाही. ते ऐकून लतावहिनी तोंडाला पदर लावून आत पळाली.

"खोलीत काय हाय येवढं?" मावशीनं विचारलं.

मी खरं सांगितलं. "एक गादी. एक स्टोव्ह. आणि कपाट."

"कपाटात?"

"कुलपांच्या पावत्या."

हे मात्र मी तिला हसवायला म्हटलं. ती हसली नाही. तिला ते खरं वाटलं आणि तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

शुक्रवार, फळी

शुक्रवारी दिवसभर मी गावात चालत होतो. देवापुढं ओल्या धोतरात कुडकुडणारे पुरुष पाहिले, एवढ्या उन्हात कुडकुडायला श्रद्धा लागते. बिनदाराची दुकानं पाहिली, गल्ल्यावर माणूस नाही आणि गिऱ्हाईक आपल्या हातानं तेल ओतून घेतंय. जिथं जाईन तिथं लोक विचारायचे, "कंपूटर आत घेतला का मावशीनं?" गावाला दारं नसली की बातमीलाही नसतात.

दिवेलागणीला परतलो तेव्हा मावशी एक लाकडी फळी उचलून चौकटीला तिरकी टेकवत होती. मी तीन दिवस पाहत होतो, पण पाहिलं तेव्हाच.

"मावशी, हे दार नाही का?"

"छ्या! दार कशानं? फळी हाय. कुत्री शिरत्यात. कुत्र्याला शनिदेव ठावं न्हाई."

"पण माणूसही अडतो की."

"मानूस कशाला अडंल? मानसानं सरकवायची आन आत यायचं. फळी सरकवायला कुनाला इचारावं लागतंय?"

मी किल्ल्या चाचपल्या. मग उभ्या उभ्याच एक उडी मारली. ती चार फूट उंच होती असं मी पुण्यात सांगतो.

"मावशी, पासवर्ड म्हणजेच फळी! कोंबडी कीबोर्डावरून चालली तर आत शिरू नये, एवढ्यासाठीच. माणसानं सरकवायची आणि आत जायचं."

"पर शबूद ठावं पायजे ना मानसाला?"

"सांगू या."

"कुनाला?"

"सगळ्यांना."

मावशीनं फळी खाली ठेवली. मग ती माझ्याकडं बघू लागली, शहरी माणूस खरं बोलतोय का हे घोंगडीची वीण तपासावी तसं तपासत. "लपवायचं न्हाई?"

"भिंतीवर लिहू."

 मला मालकांचा चेहरा दिसत होता. पण मालक पुण्यात होते आणि अमावस्या उद्यावर.

"मंग ल्हिव," मावशी म्हणाली.

लतावहिनीनं गेरू कालवला. शब्द चार अक्षरांचा हवा, इंग्रजीत हवा. तिनंच सुचवला. चौकटीच्या शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर, रस्त्यावरून जाणाऱ्या बैलालाही वाचता यावीत एवढी मोठी अक्षरं तिनं काढली. FALI. खाली मराठीत, "फळी. सरकवून आत यावे." कॉम्प्युटर उंबऱ्याच्या आत आला, रंगनाथनं आपला गुपित शब्द काढून हाच घातला. मावशीनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, तो कोंबडीनं खाल्ला.

त्याच बैठकीत लतावहिनीनं यादी भरली. मावशी एकेक दोरा खुंटीवरून काढायची, गाठी बोटांनी चाचपायची. "पाच हात. लाल किनार. बटन शिंपल्याचं, म्हंजी ठान्याच्या मास्तरीनबाई." रंगनाथ खोक्यातून चिठोरं शोधायचा. पहिल्यांदाच दोरा, नाव आणि पत्ता एका ओळीत आले. शेवटच्या दोऱ्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ठेच्यानं असेल.

शनिवार, अमावस्या

सकाळी सातला प्रिंटर लावायचा होता. पण त्याआधी गावानं भिंत वाचली होती.

सरपंच आले, त्यांनी फळी सरकवली, म्हणजे चार अक्षरं दाबली, पडदा उघडला, समाधान झालं, गेले. गुरव आले. तेलाचे दुकानदार आले. कोपरगावहून आलेली एक आख्खी जत्रा भिंत वाचून आत शिरली, त्यांना वाटलं हाही देवदर्शनाचाच एक भाग आहे. दोघांनी पडद्याला हळदकुंकू लावलं. मी प्रत्येकाच्या मागं उभा राहून "हळू, हळू" म्हणत नाचत होतो. मग खव्याची कढई उतू चालली, रंगनाथनं हाक मारली, मी कढई धरायला धावलो. परत आलो तर पडदा उघडा होता आणि यादी नव्हती.

एकही नाव नव्हतं. काल एवढ्या जुळणीनं भरलेलं सगळं पुसलं गेलं होतं. फ्लॉपीवर उतरवून ठेवायचं काम माझं होतं, आणि मी ते सकाळवर टाकलं होतं. चौथ्या ठिकाणी माझी जी चूक झाली होती ती हीच.

 रंगनाथ मटकन बसला. लतावहिनीनं एकदाच "आई गं" म्हटलं. बाहेर घोंगडी सांगायला रांग लागली होती, आणि रांगेतला प्रत्येकजण शांतपणे आत बघत होता. चौकटीला दार नसलं की फजिती झाकायचीही सोय नसते.

मावशी मागावरून उठून आली. "काय झालं?"

 मी तोंड उघडलं, पण रांगेतून बबन पुढं आला. खाली मान, हातात रिकामी कॅन.

"मावशी, मी केलं. फळी सरकवून माझं नाव हाय का बगत हुतो. एक बटन दाबलं. त्यानं इंग्रजीत कायतरी इचारलं. मला वाटलं रामराम करतंय, म्हणून मी व्हय म्हनलं."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी मावशीच्या तोंडाकडं पाहत होतो. आता ती बोट उचलणार, यंत्र लिंबाखाली जाणार, तिथून बबनच्या जीपमधे, तिथून पुण्याला. मी खिसा चाचपला.

"तुमच्या कुलपानं ह्यो अडला असता का?" तिनं मला विचारलं.

"अडला असता," मी खरं ते सांगितलं.

"आन तुमच्या कुलपांच्या गावात कुनाच्या हातनं चुकलं तर त्यो असा म्होरं यीऊन सांगतो का?"

ऑफिसात गेल्या महिन्यात प्रिंटर मोडला होता. अजून कुणी मोडला ते कळलेलं नाही. तो मीच मोडला होता. 

"चूक हाय, चोरी न्हाई," मावशी म्हणाली. "चुकीला कुलूप कशाला? बबन, कॅन ठिव. बस हितं. तू पुसलंस, आता तूच दोरं काढून दे. लता, घे गं. आन भाऊ, तुमी बसा. तुमी चार दिस बसलेलं मी बगितलं न्हाई. तुमचं बगून माझा मागबी थरथरतोय."

मी मांडी घालून बसलो. किल्ल्या मांडीत टोचायला लागल्या, म्हणून जुडगा काढून शेजारच्या कोनाड्यात ठेवला. बबन दोरे काढून देऊ लागला, मावशी गाठी मोजू लागली, मी चिठोरी वाचू लागलो, लतावहिनीची बोटं चालू लागली. मोठमोठ्यानं वाचलेली नावं ऐकून रांगेतली जुनी गिऱ्हाइकं ओरडायची, "तो मीच! सात हात न्हाई, आठ करा!" नाशिकचे वकील स्वतः आले होते, त्यांनी पाय दाखवून माप दिलं. कालच्यापेक्षा यादी बरोबर झाली, कारण आता गिऱ्हाइकंच चुका काढत होती. दर दहा नावांनंतर मी फ्लॉपी घालत होतो. चार तास मी एका जागी बसलो. माझ्या आईला हे पत्रानं कळवलं तर ती म्हणेल, प्रकृती सांभाळ.

दुपारी प्रिंटर कर्र कर्र करत चिठ्ठ्या ओकू लागला, तेव्हा रांगेनं टाळ्या वाजवल्या. मावशीनं पहिली चिठ्ठी हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली, हुंगली. मग खुंटीवरचा एक कोरा दोरा घेऊन तिनं मॉनिटरची रुंदी हातानं मोजली, दोन गाठी मारल्या, आणि टोकाला प्रिंटरच्या कागदाची भोकाभोकाची पट्टी बांधली. दोरा भिंतीवर बाकीच्यांच्या रांगेत गेला.

"ह्यालाबी एक घोंगडी लागंल," म्हणाली. "दोन हाताची. थंडीत गारठंल."

यंत्र राहिलं.

पुन्हा पुणे

सोमवारी मी रिकाम्या हातानं दुकानात शिरलो. मालकांनी खोकं नाही हे दोनदा पाहून घेतलं आणि चहा सांगितला. विचारलं, "पासवर्ड विसरले तर? कुठं नोंदवून ठेवलाय ना?"

"ठेवलाय, मालक. ठळक."

खुर्ची राहिली. संध्याकाळी घरी गेलो, दारासमोर उभा राहिलो, खिसा चाचपला, आणि कोनाडा आठवला. शेजाऱ्याच्या हातोडीनं स्वतःचं कुलूप फोडताना आख्खी आळी जमली होती. आत चोरण्यासारखं काय आहे ते सगळ्यांनी एकदाचं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी नवं कुलूप आणलं, आधीच्यापेक्षा मोठं. मी पुण्याचा आहे, आणखी काय सांगू?

आठवड्यानं दुकानात एक पेढ्यांचा डबा आला. पोष्टानं नाही. बबननं घोडेगावला एसटीच्या ड्रायव्हरला दिला, ड्रायव्हरनं पुण्यात दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरला, त्यानं आणून टेबलावर ठेवला. डब्याला लाख नाही, चिकटपट्टी नाही, नुसता काळा लोकरीचा दोरा. दोऱ्याला पाच गाठी. वर छापील चिठ्ठी, लतावहिनीची:

"कॉम्प्युटरवाले भाऊजी, पुणे. आत किल्ल्या आहेत. पेढे पन्नास. वाटेत कुणाला लागल्यास घ्यावेत."

मी मोजले. सत्तेचाळीस होते. तीन माणसांच्या हातून आला होता, तिघांनी एकेक घेतला होता.

डबा तसाच उघडा ठेवून मी खाली पान खायला गेलो. दहा मिनिटं लागली असतील. परत आलो तर दुकानात सगळे अगदी मान मोडून कामात होते. मालक खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांच्या मिशीला खवा लागला होता. मी विचारलं, कुणी खाल्ले? कुणीच बोललं नाही.

डब्यात आता नुसत्या किल्ल्या होत्या. पाचही होत्या. त्यांना कुणी हात लावला नव्हता.